आजीचे उभे फोटो

मागच्या आठवड्यात मावशीचा फोन आला. आजीच्या पंच्याहत्तरीतला एखादा चांगला फोटो हवाय, मोठा करून भिंतीवर लावायचाय. आजी आता नाही. 2004 सालचे ते फोटो मीच काढले होते, नव्याकोऱ्या 3 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने. जुनी सीडी शोधून फोटो उघडले आणि पोटात गोळाच आला. आडवे फोटो लख्ख, पण उभे सगळे धुरकट. आजीच्या गालावर चक्क चौकोन दिसत होते.

कारण लगेच आठवलं. कॅमेरा उभा धरून काढलेले फोटो कॉम्प्युटरवर आडवे पडायचे. एका रात्री मी असे दीडशे फोटो एका फुकट प्रोग्रामने एकगठ्ठा फिरवले, क्वालिटीचा आकडा न बघता मूळ फायलींवरच सेव्ह केले आणि हुश्श करून झोपलो.

चीड याची येते की फोटो न बिघडवता फिरवायची युक्ती 1998 पासूनच फुकट उपलब्ध होती!

ती समजायला जेपेग थोडं उघडून बघावं लागेल. 1992 चं हे स्टँडर्ड फोटोचे 8×8 पिक्सेलचे चौकोन पाडतं. प्रत्येक चौकोनाचं रूपांतर 64 आकड्यांत होतं. हे गणित म्हणजे डीसीटी, 1974 साली नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी मांडलेलं. मग ते आकडे ढोबळ केले जातात. फाइल लहान होते ती इथे आणि तपशील हरवतो तोही मुख्यतः इथेच.

साधा प्रोग्राम काय करतो? फोटोचे परत पिक्सेल करतो, फिरवतो आणि पुन्हा जेपेग बनवतो. म्हणजे ढोबळपणावर आणखी ढोबळपणा. पण फोटो फक्त काटकोनात फिरवायचा असेल तर पिक्सेलपर्यंत जायचं कामच नाही. 64 आकड्यांच्या तक्त्यात ओळींचे रकाने करायचे, काही आकड्यांची चिन्हं उलटायची आणि चौकोन नव्या जागी ठेवायचा. फरशी फिरवून बसवायची, फोडून नव्याने ओतायची नाही.

‘इंडिपेंडंट जेपेग ग्रुप’ने मार्च 1998 मध्ये आपल्या लायब्ररीची 6बी आवृत्ती काढली. तिच्यातल्या ‘जेपेगट्रान’ला हे जमत होतं. त्यामागचं काम गुइडो फोलबेडिंग यांचं. ग्रुपचे म्होरके होते टॉम लेन. हो, पोस्टग्रेस वापरणाऱ्यांना ठाऊक असलेले तेच!

यात एक मेख आहे. फोटोची लांबी-रुंदी 8 ने (रंगांची माहिती निम्मी साठवली असेल तर बहुधा 16 ने) भागली गेली नाही तर कडेची पट्टी नीट फिरत नाही. माझे फोटो होते 2048×1536. दोन्ही आकडे 16 ने पूर्ण भागले जातात. म्हणजे माझा एकही फोटो बिघडायची गरज नव्हती.

दुसरा धागा एक्झिफचा. 1995 साली जपानमध्ये ठरलेल्या या पद्धतीत फोटोसोबत तारीख वगैरे जाते, आणि 1 ते 8 मधला एक दिशेचा आकडाही. कॅमेऱ्यात सेन्सर असेल तर तो पिक्सेल तसेच ठेवून फक्त चिठ्ठी लिहितो: 6, म्हणजे घड्याळाच्या दिशेने 90 अंश फिरवून दाखवा. माथियास वांडेल यांचा ‘जेहेड’ ही चिठ्ठी वाचून जेपेगट्रानकरवी फोल्डरभर फोटो फिरवतो आणि शेवटी आकडा 1 करतो. ही शेवटची पायरी विसरलात, तर चिठ्ठी मानणारा प्रोग्राम फिरवलेला फोटो पुन्हा फिरवणार!

चिठ्ठी लिहिणारे लिहीत राहिले, वाचणारे मात्र वर्षानुवर्षं कानाडोळा करत राहिले. क्रोम वेबपेजवरच्या फोटोंची चिठ्ठी आपणहून मानायला लागला तो थेट 2020 मध्ये. मधल्या काळात माझ्यासारख्या किती जणांनी ‘सेव्ह’ दाबलं असेल कोण जाणे. माझ्या त्या प्रोग्रामने तर एक्झिफही पुसलं होतं, त्यामुळे तारखाही गेल्या.

तेव्हा मंडळी, गठ्ठ्याने काहीही करण्याआधी मूळ फोल्डरची कॉपी. आणि फिरवताना ‘लॉसलेस’ हा शब्द शोधा.

असो. मावशीला शेवटी आडवाच फोटो पाठवला. झोपाळ्यावर हसणारी आजी, आणि कडेला कुणाचं तरी अर्धं कापलेलं कोपर.