घन पदार्थांतून विजेची वाट

तांब्याच्या तारेंतून वीज वाहते व चिनी मातीच्या तुकड्यानें ती अडते, हें शाळेंतील मुलासहि ठाऊक असतें. परंतु भाजलेल्या मातीच्या जातीचे कांहीं पदार्थ असेहि आहेत कीं, त्यांतून वीज आपली वाट काढते. त्या वाटेचा शोध जवळजवळ दोनशें वर्षें चालू आहे.

त्याचा आरंभ लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें झाला. पुस्तकें बांधणाऱ्याच्या दुकानांत उमेदवारी केलेल्या मायकेल फॅरडे यानें इ. स. १८३३ मध्यें रुप्याचें सल्फाइड तापवून पाहिलें. धातु तापला म्हणजे विजेला अधिक अडवितो. हा पदार्थ तापतांच तिला अधिक वाव देऊं लागला. शिशाच्या फ्लुओराइडांतहि त्यास तोच प्रकार आढळला. अशा पदार्थांत विद्युत्भारित अणु, म्हणजे आयन, स्फटिकाच्या चौकटींतील मोकळ्या जागांतून सरकत जातात, हें पुढें उलगडलें. १९६७ मध्यें अमेरिकेंतील फोर्ड कंपनीच्या प्रयोगशाळेंत याओ व कुमर यांनीं बीटा-ॲल्युमिना या सिरॅमिकांत सोडियमचे आयन विलक्षण त्वरेनें फिरतात असें दाखविलें. त्याची भिंत मध्यें घालून वितळलेलें सोडियम व वितळलेला गंधक यांची बॅटरी तयार झाली; पण तिला सुमारें ३०० अंश सेंटिग्रेडची उष्णता लागे. ती खिशांत कोण बाळगणार?

खिशांतील बॅटरीस योग्य धातु लिथियम. सर्व धातूंत तो हलका, व विद्युत्संचयाची त्याची शक्ति तोलास तोल ग्रॅफाइटच्या दसपट. परंतु बॅटरी पुनः पुनः भरतांना त्यावर सुईसारखे अंकुर फुटतात, ते द्रवांतून पलीकडे पोंचतात, आणि मग ज्वालाग्राही द्रव पेट घेतो. १९८९ मध्यें अशाच कारणानें लिथियम धातूच्या बॅटऱ्या बाजारांतून परत घ्याव्या लागल्या. १९९१ मध्यें सोनी कंपनीनें जी बॅटरी विक्रीस आणली, तींत धातूऐवजीं कार्बन होता. सुरक्षितता लाभली, पण वजनाचा लाभ गमवावा लागला.

तेव्हां द्रवाच्या जागीं कठीण सिरॅमिक घातलें तर? २००७ मध्यें मुरुगन, तंगदुरै व वेप्नर यांनीं लिथियम, लँथनम, झिर्कोनियम व प्राणवायु यांचा, तामडा या रत्नासारख्या घडणीचा पदार्थ प्रसिद्ध केला. त्यांतून लिथियमचे आयन नेहमींच्या तपमानांतहि चांगले वाहत. तो जळत नाहीं, व लिथियमच्या स्पर्शानें सहसा बिघडतहि नाहीं. एवढ्या कठीण भिंतीपुढें मऊ अंकुरांचें काय चालणार, असाच सर्वांचा कयास होता.

तो खरा ठरला नाहीं. सुरीनें कापतां येणारें लिथियम सिरॅमिकच्या पृष्ठावरील सूक्ष्म चिरेंत शिरतें, तेथें सांचतें, आणि सांचलेल्या धातूच्या दाबानें ती चीर वाढत जाते. २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तर एकसंध स्फटिकांतहि हेंच घडलें. वडाचें रोप वाड्याच्या भिंतींत जसें रुजतें, तसाच हा प्रकार.

त्यामुळें संशोधकांचा रोख पालटला आहे. भिंत किती कठीण, यापेक्षां ती किती अभंग, हा आतां मुख्य प्रश्न आहे. सिरॅमिक नितळ व निर्दोष भाजावें कसें, धातूशीं त्याचा सांधा घट्ट राहावा कसा, यांवर कष्ट चालू आहेत. फॅरडेनें दाखविलेली वाट विजेला मोकळी ठेवावयाची आणि धातूला मात्र बंद करावयाची, एवढेंच काम उरलें आहे. परंतु तेंच सर्वांत अवघड आहे.