सेवाप्राणी, आधारप्राणी आणि प्रवेशाचा अधिकार

सेवाप्राणी म्हणजे दिव्यांग व्यक्तीच्या विशिष्ट अक्षमतेशी थेट संबंध असलेले निश्चित कार्य करण्यासाठी शिकवून तयार केलेला प्राणी. या व्याख्येचे घटक तीन : व्यक्तीचे दिव्यांगत्व, प्राण्याचे कार्य, आणि त्या दोहोंतील संबंध. यांपैकी एकही घटक नसल्यास प्राणी अन्य वर्गात जातो. भावनिक आधाराचा प्राणी (पुढे ‘आधारप्राणी’) याच्या सान्निध्याने व्यक्तीचे मन स्थिर राहते. परंतु त्याला कोणतेही कार्य शिकवलेले नसते. सेवाप्राण्याने काही करावयाचे असते, आधारप्राण्याने जवळ असणे पुरेसे असते. प्रस्तुत विवेचनातील बहुतेक निष्कर्ष या एका भेदातून निघतात.

या दोहोंच्या शेजारी आणखी तीन वर्ग आहेत आणि व्यवहारात त्यांची सरमिसळ होते. पहिला, उपचारप्राणी. हा मानसोपचारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षक यांच्या देखरेखीखाली अनेकांसाठी आणला जातो. मुंबईच्या विमानतळावर प्रवाशांचा ताण हलका व्हावा म्हणून २०२३ मध्ये आणलेली कुत्री या वर्गातली. दुसरा, शासकीय कार्यश्वान. नाशिक पोलिसांच्या श्वानपथकातील कुत्रा रामकुंडावर स्फोटके हुंगतो, तेव्हा तो राज्यसत्तेच्या अधिकाराने तेथे असतो. तिसरा, पाळीव प्राणी; त्याचा प्रवेश सर्वस्वी जागामालकाच्या अनुमतीवर अवलंबून. एकच लॅब्राडोर आयुष्यात या पाचही वर्गांतून जाऊ शकतो. म्हणून वर्ग ठरवताना जात, आकार किंवा अंगावरचे जाकीट पाहणे निरुपयोगी आहे. तो कोणाच्या कोणत्या हक्काच्या आधारे दाराशी उभा आहे, एवढेच पाहावयाचे.

महाप्रस्थानिक पर्वातील प्रसंग या वर्गीकरणाची चांगली परीक्षा घेतो. कुत्र्यासह येणाऱ्यास स्वर्गात स्थान नाही, असे इंद्र सांगतो आणि युधिष्ठिर रथात चढण्याचे नाकारतो. वाहनात प्रवेश नाकारल्याचा याहून जुना खटला आपल्या परंपरेत सापडणे कठीण. परंतु वरील व्याख्या लावली तर तो कुत्रा सेवाप्राणी ठरत नाही : धर्मराजाला कोणतेही दिव्यांगत्व नव्हते, आणि कुत्रा सोबत चालण्यापलीकडे काही करीत नव्हता. युधिष्ठिराचा युक्तिवाद शरणागताला न सोडण्याच्या कर्तव्यावर उभा आहे, स्वतःच्या गरजेवर नव्हे. आज भावनिक आधाराच्या नावाने मांडले जाणारे पुष्कळ युक्तिवाद वस्तुतः याच जातीचे असतात. ते हृद्य असतात. मात्र त्यांतून दुसऱ्यावर बंधनकारक असा हक्क निष्पन्न होत नाही.

आता कार्याचे स्वरूप. मार्गदर्शक श्वानांची पहिली शाळा पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये, जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे निघाली. युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी. अमेरिकेत १९२९ मध्ये ‘द सीइंग आय’ ही संस्था स्थापन झाली. त्यानंतर श्रवणदोष असलेल्यांना दारावरची घंटा, गजर किंवा मुलाचे रडणे जाणवून देणारी कुत्री, अपस्माराच्या झटक्यात रुग्णाजवळ थांबून मदत मागवणारी कुत्री, असे प्रकार वाढत गेले. मूळ नमुना मात्र अंध व्यक्तीचा मार्गदर्शक श्वान हाच राहिला.

त्याच्या कामाविषयी एक गैरसमज रूढ आहे. कुत्रा मालकाला ‘घेऊन जातो’ असे मानले जाते. प्रत्यक्षात मार्ग मालकाच्या डोक्यात असतो. नाशकात शालिमारहून मेनरोडकडे जावयाचे तर किती चौक ओलांडायचे आणि कोठे वळायचे, हे व्यक्तीने ठरवावयाचे. कुत्र्याच्या पाठीवरील पट्ट्याला ताठ मूठ असते. तीतून त्याची चाल, थबकणे, बाजूला सरणे हाताला कळते. पदपथाच्या कडेशी तो थांबतो. सिग्नलच्या दिव्याचा अर्थ त्याला कळत नाही. वाहनांच्या आवाजावरून ‘चल’ ही आज्ञा व्यक्तीने द्यावयाची. मात्र आज्ञा झाली आणि समोरून दुचाकी येत असली, तर तो जागचा हलत नाही. आज्ञा मोडण्याचे हे शिक्षण सर्वांत अवघड असते, आणि पांढऱ्या काठीहून तो वेगळा ठरतो तो याच गुणाने. अंधांसाठी काम करणाऱ्या नॅब संस्थेच्या महाराष्ट्र युनिटचे कार्यालय नाशकातच असल्याने पांढरी काठी या शहराच्या परिचयाची आहे. मार्गदर्शक श्वान नाही.

कार्याचे हे वर्णन विस्ताराने देण्याचे कारण असे की कार्यासाठी परिस्थितीही लागते. कडेशी थांबणाऱ्या कुत्र्याला कड हवी. पदपथ जेथे मध्येच संपतो, त्यावर हातगाडी किंवा दुचाकी उभी असते, आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी त्या गल्लीतली कुत्री परक्या कुत्र्यावर धावून येतात, तेथे शिकलेला प्राणी शिकलेले विसरतो. भारतात मार्गदर्शक श्वान विरळ आहेत याचे खापर नेहमी विमानकंपन्यांवर आणि मॉलच्या सुरक्षारक्षकांवर फोडले जाते. ते अंशतः खरे. पण अडथळा दारापाशी पोहोचण्याच्या पुष्कळ आधी सुरू होतो.

हक्काचा उगम कोठे? संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारास भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली. त्याच्या ९व्या आणि २०व्या अनुच्छेदांत उपकरणांच्या जोडीला सजीव साहाय्याचाही उल्लेख आहे. त्या करारानुसार झालेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ सेवाश्वानाविषयी तपशिलात जात नाही. तथापि व्यक्तीच्या गरजेनुसार, दुसऱ्यावर अवाजवी भार न टाकता करावयाच्या फेरफारास तो मान्यता देतो, आणि असा फेरफार नाकारणे हा भेदभावच, असे स्पष्ट सांगतो. विकास कुमार खटल्यात (२०२१) सर्वोच्च न्यायालयाने या तत्त्वाला समतेच्या हक्काचा गाभा मानले. या तीन पायऱ्यांवरून एक अनुमान अपरिहार्य होते : सेवाश्वानाला प्रवेशाचा हक्क नाही, हक्क व्यक्तीचा आहे, आणि श्वान हा त्या हक्काच्या उपभोगाचे साधन आहे. म्हणूनच व्यक्तीला आत घेऊन श्वानाला बाहेर बांधा असे म्हणणे म्हणजे व्यक्तीलाच नाकारणे होय.

येथवर कायदा सुसंगत आहे. पुराव्याचा प्रश्न आला की तो तुटतो. व्यक्तीचे दिव्यांगत्व वैश्विक ओळखपत्राने, म्हणजे यूडीआयडी कार्डाने, सिद्ध होते. श्वानाचे शिक्षण कोणी सिद्ध करावयाचे? त्यासाठी सर्वत्र ग्राह्य धरले जाईल असे शासकीय प्रमाणपत्र आपल्याकडे नाही. परिणामी व्याख्येतील तीन घटकांपैकी पहिला कागदावर आहे, दुसरा आणि तिसरा दारावरच्या माणसाच्या मर्जीवर. बारा तासांच्या पाळीवर उभ्या असलेल्या वॉचमनने अधिनियमाचे अर्थनिर्णयन करावे, ही अपेक्षा त्याच्यावरही अन्याय करणारी आहे.

स्थळानुसार स्थिती भिन्न आहे, आणि भिन्न असावयास हवी. निवासाच्या जागी प्राण्याचा उपसर्ग सर्वांत कमी व मालकाची गरज सर्वांत दीर्घ. तेथे पुरावा थोडा पुरे. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थांना पाळीव कुत्र्यांवरही सरसकट बंदी घालता येत नाही, त्यामुळे नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या सोसायटीत आधारप्राणी हा वर्ग वेगळा सिद्ध करण्याची निकडच फारशी उरत नाही. रेल्वेत चित्र उलटे होते. सर्वसाधारण नियमाने कुत्रा प्रवाशासोबत केवळ प्रथम वर्गात, राखून घेतलेल्या कूपेत किंवा केबिनमध्ये जाऊ शकतो. अन्यथा त्याची जागा गार्डच्या डब्यातली पेटी. नाशिकरोडहून मुंबईला रोज जाणारा-येणारा चाकरमानी ज्या पंचवटी एक्स्प्रेसवर विसंबतो, तिला कूपे नाहीत, सारी आसनव्यवस्था खुर्च्यांची. ज्या प्रवाशाची वाट कुत्र्यामुळे सुकर होते, त्याने कुत्रा गार्डकडे सोपवून फलाटावर स्वतःचा डबा शोधावा, असा या नियमाचा तार्किक शेवट होतो. पाळीव कुत्र्यासाठी रास्त असलेला नियम सेवाश्वानास लावला की असे घडते.

विमान हे सर्वांत बंदिस्त स्थळ. उड्डाणानंतर कोणालाही बाहेर पडता येत नाही. केसांची ॲलर्जी असलेला प्रवासी, कुत्र्याला घाबरणारे मूल आणि संकटकाळी मोकळी लागणारी वाट, हे तिन्ही विचार एकाच वेळी लागू होतात. नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून सेवा देणारी इंडिगो पाळीव प्राणी नेत नाही. दिव्यांग प्रवाशाच्या सेवाश्वानाचा तेवढा अपवाद करते. अकासा एअरने नोव्हेंबर २०२२ पासून पाळीव प्राणी केबिनमध्ये घेण्यास प्रारंभ केला, तेव्हा पिंजऱ्यासह वजनाची मर्यादा ७ किलो होती. पंचवीस-तीस किलोच्या लॅब्राडोरला असल्या मर्यादेचा उपयोग नाही. तो पाळीव प्राण्यांच्या नियमाने विमानात येऊ शकत नाही, केवळ हक्काच्या नियमानेच येऊ शकतो. दिव्यांग प्रवाशाला विमानातून उतरवणे किती गंभीर आहे हे सर्वोच्च न्यायालयाने जीजा घोष खटल्यात २०१६ मध्ये दहा लाख रुपयांची भरपाई देववून दाखवले. त्या खटल्यात प्राणी नव्हता. तत्त्व मात्र तेच.

आधारप्राण्याचा प्रयोग अमेरिकेने केला आणि मागे घेतला. त्याचा इतिहास आपल्याला फुकट मिळालेला धडा आहे. १९८६ च्या विमानप्रवेश कायद्याखालील नियमांनी मानसोपचारतज्ज्ञाच्या पत्रावर आधारप्राणी केबिनमध्ये नेण्याची मुभा होती. पत्रे पैसे भरून घरबसल्या मिळू लागली. जानेवारी २०१८ मध्ये न्यूआर्क येथे मोर घेऊन आलेल्या प्रवाशाला युनायटेड एअरलाइन्सने रोखले, तेव्हा हा विषय जगभर हसण्यावारी गेला. ११ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या नियमाने सेवाप्राणी म्हणजे कार्य शिकवलेला कुत्राच असे ठरले, आणि आधारप्राण्यास पाळीव मानण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली. हसण्याचा भुर्दंड ज्यांना बसला ते मोरवाले नव्हते. प्रत्येक खऱ्या मार्गदर्शक श्वानाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले, आणि केबिनमध्ये न शिकलेल्या कुत्र्यांशी त्यांची गाठ पडू लागली.

यावरून मानसिक आजाराला कमी लेखावे असे नाही. आपल्या अधिनियमाच्या २१ दिव्यांगत्वांत मानसिक आजार आहे. घबराटीच्या झटक्याची पूर्वलक्षणे ओळखून अंगावर भार देणारा, किंवा गर्दीतून बाहेर नेणारा शिकलेला कुत्रा निःसंशय सेवाप्राणी होय. अमेरिकेचा २०२१ चा नियमही त्याला तसाच मानतो. रेषा शरीर आणि मन यांच्यामध्ये नसून शिकवलेले कार्य आणि निव्वळ सान्निध्य यांच्यामध्ये आहे. आधारप्राण्याला घरात भरपूर मुभा असावी, विमानात विशेष हक्क नसावा, ही भूमिका म्हणूनच विसंगत नाही.

प्रवेशास विरोध करणाऱ्यांच्या ॲलर्जी आणि भीती या दाव्यांपैकी भीतीचा दावा भारतात अधिक वजनाचा आहे. ज्या देशात रेबीज अजून माणसे मारतो, तेथे कुत्र्याला पाहून दूर सरणे हा अडाणीपणा नव्हे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून भटकी कुत्री हटवण्याचा आदेश दिला. भटके कुत्रे आणि सेवाश्वान यांतील भेद त्या आवाराच्या फाटकावर कोणाला तरी करावा लागणारच. यासाठी लसीकरणाचा दाखला सक्तीचा असावा. अमेरिकेत दुकानात किंवा हॉटेलात केवळ दोन प्रश्न विचारता येतात, कुत्रा दिव्यांगत्वामुळे लागतो काय आणि त्याला कोणते कार्य शिकवले आहे. कागद मागता येत नाही. ती उदारता आपल्या रस्त्यांवर तशीच उतरवता येणार नाही. उलट, कुत्रा भुंकत, धावत सुटला आणि मालकाने आवरला नाही, किंवा त्याने घाण केली तर त्याला बाहेर काढता येते, हा तिथला नियम जसाच्या तसा घेण्याजोगा आहे. वर्तनाची परीक्षा कोणताही फाटकवाला करू शकतो.

स्थळाची मर्यादा कधी पूर्ण नकारापर्यंतही जाते. २०२७ च्या सिंहस्थात स्नानाच्या पर्वणीला रामकुंडाकडे जाणाऱ्या लोंढ्यात मोकळी वाट शोधणारा कुत्रा निरुपयोगी, आणि पायांखाली येण्याच्या धोक्यात. तेथे त्याला रोखणे भेदभाव नाही. मात्र रोखणाऱ्या यंत्रणेने त्याच ठिकाणी हात धरून नेणारा स्वयंसेवक दिला नाही, तर तो भेदभाव होतो.

शेवटी एक तुटलेला दुवा. ओझरला विमानातून श्वानासह उतरलेल्या अंध प्रवाशाचा हक्क टर्मिनलच्या बाहेर पडताच निराळ्या कायद्याखाली जातो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १७८ नुसार रिक्षा-टॅक्सीवाल्याने भाडे नाकारणे दंडनीय आहे, पण तेथे विचार प्रवाशाचाच आहे. ‘साहेब, तुम्ही बसा, कुत्रं नाही घेणार,’ असे म्हणणारा चालक या कलमाखाली भाडे नाकारतो की नाही? ब्रिटनच्या समानता कायद्याने, २०१० मध्ये, उत्तर देऊन ठेवले : टॅक्सीने श्वानासह प्रवासी नेलाच पाहिजे आणि जादा पैसे घेता कामा नयेत. वर काढलेले अनुमान, श्वान हा व्यक्तीच्या हक्काचे साधन, कलम १७८ वाचताना स्वीकारले तर आपल्याकडेही उत्तर तेच येते. दुरुस्तीची वाट न पाहता परिवहन विभागाला एका परिपत्रकाने ते कळवता येईल.