जुनापाणीची शिलावर्तुळे

महाराष्ट्रातील महापाषाणीय दफनस्थळ. नागपूर शहराच्या पश्चिमेस सु. १० किमी. अंतरावर, काटोल रस्त्यालगतच्या माळावर सु. ३०० शिलावर्तुळे विखुरलेली आहेत. काळ लोहयुगाचा, ढोबळमानाने इ. स. पू. पहिले सहस्रक. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून हे स्थळ संरक्षित आहे.

येथे उंच खांब किंवा तोलून ठेवलेल्या शिळा नाहीत. परिसरातच मिळणारे काळ्या पाषाणाचे मोठे धोंडे गोलाकार मांडून आतली जागा दगडगोटे आणि काळ्या मातीने भरलेली आहे. वर्तुळांचा व्यास साधारण दहा ते पंधरा मीटर. भरावाखाली मृताच्या अस्थी व त्याच्यासोबत ठेवलेल्या वस्तू असतात. अस्थी बहुधा तुटक मिळतात.

या वर्तुळांचे उत्खनन ब्रिटिश अधिकारी जे. एच. रिव्हेट-कारनॅक यांनी केले आणि १८७९ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. येथील मांडणी व ब्रिटनमधील प्राचीन वर्तुळे यांतील साम्याने ते भारावले होते. पण अशा साम्यावरून दोन्हीकडचे लोक एकच होते असे ठरत नाही. १९६१-६२ च्या हंगामात बी. के. थापर यांनी येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. पुढे शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा, माहूरझरी, नैकुंड या विदर्भातील स्थळांवर केलेल्या कामामुळे जुनापाणीचा संदर्भ स्पष्ट झाला. काळी-तांबडी मृत्पात्रे, आडव्या लोखंडी पट्ट्यांनी दांड्याला जखडलेल्या कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या, तांब्याचे दागिने, अकीकाचे मणी असा ऐवज या दफनांतून मिळाला. माहूरझरीत माणसासोबत घोडाही पुरलेला आढळला. त्याच्या तोंडावर तांब्याचा साज होता. लगामाची लोखंडी कडियाळीही सापडली आहेत. घोडा आणि लोखंड यांना या समाजात मोठी प्रतिष्ठा होती, एवढे निश्चित म्हणता येते.

हे लोक आले कोठून, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. दफने शेकड्यांनी आणि वस्त्या अगदी मोजक्या, ही विदर्भाची मुख्य अडचण. त्यावरून काही अभ्यासकांनी त्यांना भटके अश्वपालक मानले. नैकुंडची वसाहत आणि तेथे मिळालेली लोखंड गाळण्याची भट्टी पाहता ते चित्र अपुरे वाटते. भट्टी चालवायची तर खनिज, कोळसा, भाता आणि एका जागी टिकून राहणारे कसबी हात लागतात. गुरे राखणारे, शेती करणारे आणि लोहार असा मिश्र समाज मानणे प्रस्तुत लेखकाला अधिक पटते.

काही धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत. ते रांगेने असल्याने नैसर्गिक झीज म्हणता येत नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मयंक वाहिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्तुळातील खळग्यांच्या जागा मोजल्या. त्या मोजक्या ठरावीक दिशांनाच येतात असे त्यांना आढळले आणि त्यामागे आकाशनिरीक्षण असावे असे त्यांनी सुचविले. हा तर्क आकर्षक आहे. तो सिद्ध मानण्यापूर्वी इतर स्थळांवरही हीच दिशा-संगती दिसायला हवी.

पाहणीसाठी हिवाळा उत्तम. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही काळ गवतामुळे लहान वर्तुळे नजरेतून सुटतात. खळगे उथळ असल्याने भर दुपारच्या उन्हात दिसत नाहीत. सकाळी किंवा सायंकाळी, किरणे तिरपी असताना जावे आणि एकेका दगडाभोवती फिरून पाहावे. कोणताही धोंडा हलवू नये, त्यावर चढू नये, खळग्यांत खडू किंवा रंग भरू नये. शहर वाढत माळापर्यंत आले आहे, आणि दगड एकदा सरकला की खळग्याची दिशा पुन्हा मोजता येत नाही. दफनांतील वस्तू माळावर नाहीत. विदर्भातील महापाषाणीय अवशेष पाहण्यासाठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे संग्रहालय गाठावे.