लोणारच्या गाळातला वऱ्हाडचा पाऊस

वऱ्हाडातला पाऊस पर्जन्यमापकाने मोजला जाऊ लागला तो इंग्रजी अमलात. १८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले आणि त्यानंतरच्या काही दशकांत तहसिलीच्या गावांतून नियमित नोंदी सुरू झाल्या. म्हणजे अकोला-अमरावतीच्या पावसाचा आकड्यांतला इतिहास फार तर दीडशे वर्षांचा. त्याआधीचे जे काही कळते ते दुष्काळांमुळे: १३९६ पासून पुढे कित्येक वर्षे रेंगाळलेला दुर्गादेवीचा दुष्काळ किंवा १६३०-३२ चा दख्खनचा महादुष्काळ. कागद आपत्तीची आठवण ठेवतो, बरे पिकलेल्या सालाची नाही. त्यामुळे हजारो वर्षांच्या पावसाचा माग काढायचा तर निसर्गाने ठेवलेल्या नोंदींकडेच वळावे लागते. इतरत्र हे काम चुनखडीच्या गुहांमधले लवणस्तंभ करतात. वऱ्हाड बहुतांशी काळ्या बेसाल्टवर वसलेले असल्याने ती सोय इथे जवळपास नाही. ती उणीव भरून काढली लोणारने.

बुलढाणा जिल्ह्यातले, म्हणजे जुन्या वऱ्हाडातलेच, लोणार सरोवर उल्कापाताने बेसाल्टात पडलेल्या सुमारे १.८ किलोमीटर रुंदीच्या विवरात आहे. काठावरची धार, झरे आणि पाऊस यांचे पाणी त्यात येते. बाहेर जायला मात्र एकही ओढा नाही. पाणी जाते ते वाफ होऊनच. पाऊस भरपूर झाला की पातळी चढते आणि खारटपणा उतरतो; पावसाने ओढ दिली की पाणी आटते आणि क्षार घट्ट होत जातात. या क्षारांची ख्याती जुनी आहे. ‘आईन-ए-अकबरी’त लोणारचा उल्लेख येतो तो तीर्थक्षेत्र म्हणून आणि काच व साबण यांना लागणारा माल देणारे ठिकाण म्हणूनही.

तळाशी प्राणवायू नसल्यामुळे गाळ फारसा ढवळला जात नाही, थरावर थर साचत जातो. जर्मन आणि भारतीय संशोधकांनी या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा सलग नमुना काढला. त्यातल्या सेंद्रिय अवशेषांच्या कार्बन-१४ कालमापनावरून तो गेल्या सुमारे अकरा हजार वर्षांचा ठरला. परागकण, पानांवरच्या मेणाचे अंश, कार्बन व नायट्रोजनची समस्थानिके अशा अनेक अंगांनी तो तपासला गेला, पण सर्वांत बोलका साक्षीदार निघाला गेलुसाइट. सोडियम आणि कॅल्शियमच्या कार्बोनेटचे हे स्फटिक गाळात नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पाणी अतिशय खारट आणि अल्कधर्मी झाल्याशिवाय ते तयार होत नाहीत. ज्या थरात ते सापडतात तो थर सरोवर आटलेल्या काळाचा, असा त्याचा सरळ अर्थ.

२०१४ साली सुष्मा प्रसाद आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार असे दोन प्रदीर्घ कोरडे काळ येऊन गेले. पहिला सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. त्याआधीची, होलोसीन या चालू भूशास्त्रीय कालखंडाच्या सुरुवातीची काही हजार वर्षे चांगल्या पावसाची होती.

दुसऱ्या काळाकडे जरा थांबून पाहायला हवे. वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशीमहून राज्य करणारे वाकाटक, ज्यांच्या काळात अजिंठ्याची बरीचशी लेणी कोरली गेली, आणि त्यानंतरचे राष्ट्रकूट, यादव हे सगळे याच कोरड्या शतकांतले. पाऊस कमी झाला की राज्य बुडते, हे समीकरण निदान वऱ्हाडात तरी टिकत नाही. दुसरी गोष्ट याहून अवघड. लोणारचा कोरडा काळ संपतो तो इसवी सनाच्या चौदाव्या शतकाच्या आसपास. छत्तीसगडमधल्या दंडक गुहेतला लवणस्तंभ मात्र नेमके चौदावे शतक आणि पंधराव्याची सुरुवात अवर्षणाची दाखवतो, आणि दुर्गादेवीचा दुष्काळही त्यातच बसतो. याला विरोध म्हणण्यापेक्षा मापाचा फरक म्हणणे योग्य. गाळाच्या एकेका नमुन्यात अनेक वर्षे एकत्र मिसळलेली असतात आणि कालमापनालाही मागेपुढे होण्याची मुभा असते. लवणस्तंभ त्यापेक्षा पुष्कळच बारीक नोंद ठेवतो.

आणखी एक पुरावा थेट बंगालच्या उपसागरातून येतो. अमरावती जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरून वाहणाऱ्या वर्धेचे पाणी प्राणहितेतून गोदावरीला मिळते. गोदावरीच्या मुखाबाहेर समुद्रतळातून काढलेल्या गाळातल्या पानांच्या मेणावरून सुमारे चार हजार वर्षांपूर्वी आणि पुन्हा सुमारे १,७०० वर्षांपूर्वी खोऱ्यात कोरड्या हवेला मानवणारी झाडोरा-गवते वाढल्याचे दिसते. लोणारच्या दोन्ही टप्प्यांशी ते ढोबळमानाने जुळते.

अकोला-अमरावतीच्या तापीकडे वाहणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात नोंद आहे ती मातीतच. खारपाणपट्ट्यातल्या खोल काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे सापडतात. हवा कोरडी असली की जमिनीतला कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतो, मागे सोडियम वाढतो आणि माती पाणी झिरपू देईनाशी होते. म्हणजे या पट्ट्यातल्या शेतकऱ्याचे रोजचे दुखणे बऱ्याच अंशी जुन्या हवामानाची देणगी आहे. मेळघाटात विपुल असलेला साग वर्षाला एक कडे धरतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने मध्य भारतातल्या सागाच्या कड्यांवरून पावसाचा अभ्यास केला आहे. साल-साल मोजता येते ते या कड्यांतच, पण झाडाचे वय काही शतकांपलीकडे क्वचितच जाते.

लोणारच्या गाळाचे अगदी वरचे थर वाचताना अडचण येते. गावाचे सांडपाणी, विवरातली शेती आणि क्षारांचा जुना उपसा यांच्या खुणा तिथे पावसाच्या खुणांत मिसळल्या आहेत. त्यामुळे १८९९-१९०० च्या दुष्काळासारख्या एकेका सालासाठी आजही सरकारी पर्जन्यनोंदीच पाहाव्या लागतात.