स्फटिकाची साक्ष

घोटीहून सिन्नरला जाऊन आम्ही तेथील गारगोटी संग्रहालयात काळ्या कातळाच्या पोटी निपजलेले स्फटिक पाहिले, तेव्हा माणसाने प्रयोगशाळेत वाढविलेल्या डीएनएच्या स्फटिकांची आठवण झाली. ते वाढविताना द्रावणातील पाणी अगदी सावकाश कमी होऊ द्यावे लागते. घाई झाली की हाती नुसता गाळ येतो.

१९५३ साली डीएनएचे दुपेडी मळसूत्र जगापुढे आले खरे. पण त्याला आधार होता तो तंतूंच्या क्ष-किरण चित्रांचा. त्यांतून प्रत्येक अणूची नेमकी जागा कळत नव्हती. म्हणूनच बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील व्ही. शशिशेखरन यांनी सत्तरच्या दशकात, हे पेड आलटूनपालटून उजवे-डावे वळत असावेत, असे सुचविले. ही शंका आम्हांला मुळीच उद्धट वाटत नाही. त्याच संस्थेतील एम. ए. विश्वमित्र यांनी केंब्रिजच्या ओल्गा केनार्ड प्रभृतींसह १९७८ मध्ये चार अक्षरांच्या डीएनए-तुकड्याचा स्फटिक अणूगणिक उलगडला. पुढच्याच वर्षी अलेक्झांडर रिच यांच्या सहा अक्षरी स्फटिकात मळसूत्र चक्क डावे निघाले! अखेर १९८० मध्ये डिकर्सन यांच्या बारा अक्षरी स्फटिकात उजवा वेढा पूर्ण दिसला.