मडके वाजवून घेण्याची रीत : कार्यालयीन सॉफ्टवेअर, समूहाचा विश्वास आणि विक्री यांचा एक ऐतिहासिक विचार
(धाराशिव जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव प्राचीन काळी 'तगर' या नावाने प्रसिद्ध होते. इ. स. च्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठे नगर म्हणून तगरचा उल्लेख येतो. येथील कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जात असे. पुढे याच तेर गावी संत गोरोबाकाका झाले. ते व्यवसायाने कुंभार. संतमेळ्यातील प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे त्यांनी पारखले, ही कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. कथेचा आध्यात्मिक आशय क्षणभर बाजूस ठेवला तरी तिच्यात बाजाराची एक जुनी रीत दिसते. मडके घ्यायचे ते वाजवून घ्यायचे.

कार्यालयात वापरले जाणारे सॉफ्टवेअर मात्र असे वाजवून घेता येत नाही. त्यातील दोष वर्षानुवर्षांच्या वापरानंतर उघड होतात आणि तोपर्यंत आपले लेखन, हिशेब व नोंदी त्याच्या स्वाधीन झालेल्या असतात. म्हणून येथे ग्राहक वस्तूइतकीच ती बनविणाऱ्याची पारख करतो. ही पारख तो एकटा करीत नाही. आपल्यासारख्या इतर वापरणाऱ्यांचा अनुभव हेच त्याचे थापटणे असते. हा समूहाचा विश्वास ढळला तर विक्रीचे काय होते, याचा ऐतिहासिक अंगाने विचार करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे

१) मराठवाड्यातील दप्तराच्या इतिहासातून लेखन आणि मालकी यांचा संबंध स्पष्ट करणे.
२) मराठी फाँट-पॅकेजांच्या उदय व संकोचाची कारणे तपासणे.
३) 'कोहा' व 'ओपनऑफिस' या उदाहरणांतून विश्वासभंगाचे विक्रीवरील परिणाम पाहणे.

१. लिपी आणि मालकी

आजचा धाराशिव जिल्हा हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. राज्यकर्ते बदलले तसे दप्तरही बदलत गेले. संस्थानी कारभाराची बरीच कागदपत्रे उर्दूत, तर त्याआधीची व खासगी व्यवहाराची पुष्कळ कागदपत्रे मोडीत आहेत. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मराठवाड्यातील निजामकालीन कागदपत्रांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची गरज प्रकर्षाने जाणवली.

या प्रसंगातून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. मोडी लिपी व्यवहारातून गेली, वाचणारे विरळ झाले, तरी ती लिपी कोणाच्या मालकीची नव्हती. कोणीही ती शिकावी आणि पणजोबांचा कागद वाचावा. त्यासाठी कोणाचा परवाना लागत नाही, कोणाचे शुल्क भरावे लागत नाही. संगणकयुगात प्रथमच असे घडले की लेखन एकाचे, परंतु ते वाचण्याची किल्ली विक्रेत्याच्या हाती.

२. फाँट-पॅकेजांचा कालखंड

१९८० च्या दशकात आयआयटी कानपूर येथे विकसित झालेले 'जिस्ट' तंत्रज्ञान पुढे पुण्यातील सी-डॅक या १९८८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने वाढविले. भारतीय लिपींसाठी 'इस्की' ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली गेली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही प्रसिद्ध झाली. म्हणजे समान संकेताचा पाया तेव्हाच घातला गेला होता. तथापि विंडोज संगणकांवर देवनागरीचा प्रसार झाला तो वेगळ्या वाटेने. मॉड्युलर इन्फोटेकची 'श्रीलिपी', सायबरस्केपची 'आकृती', सी-डॅकचे 'आयएसएम' तसेच 'कृतिदेव'सारखे फाँट यांनी मराठी छपाईचा कायापालट केला. तालुक्याच्या गावी डीटीपी केंद्रे उभी राहिली. लग्नपत्रिकेपासून शोधनिबंधापर्यंत सर्व मजकूर तेथे जुळू लागला. या पॅकेजांचे हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

परंतु त्यांची रचना अशी होती की रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असत आणि ही मांडणी प्रत्येकाची निराळी असे. पडद्यावर 'उस्मानाबाद' दिसे. संगणकाच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरे व चिन्हे यांची निरर्थक ओळ असे. फाँट बदलला की मजकूर विस्कटे. आपला लेख एखाद्या नियतकालिकाकडे 'योगेश' किंवा 'सुरेख' फाँटमध्ये पाठविण्यासाठी तो पुन्हा टंकित करवून घेतल्याचे स्मरण अनेक प्राध्यापकांना असेल. काही पॅकेजे संगणकाला जोडावयाच्या 'हार्डवेअर लॉक'शिवाय चालत नसत. विक्रेत्यांना अनधिकृत प्रतींची धास्ती, वापरणाऱ्यांना आपलाच मजकूर अडकून पडण्याची धास्ती. अविश्वास दोन्ही बाजूंनी होता.

विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरी संगणकातच उपलब्ध झाली आणि २००५ पासून केंद्र शासनाने भारतीय भाषांची सॉफ्टवेअर साधने विनामूल्य वितरित करण्यास आरंभ केला. त्यानंतर केवळ मराठी टंकनासाठी पॅकेज विकत घेण्याचे कारण उरले नाही. या संकोचाचे श्रेय एकट्या विश्वासभंगास देणे योग्य ठरणार नाही. फुकट पर्याय हे कारण उघडच आहे. मात्र एक भेद विचारात घेण्याजोगा आहे. जेथे मजकुराचा प्रवास कागदावर येऊन संपत होता, त्या छपाईच्या क्षेत्रात ही पॅकेजे दीर्घकाळ टिकून राहिली. जेथे मजकूर दुसऱ्याकडे पाठवायचा, शोधायचा व जतन करायचा होता, तेथून ती मागे हटली. म्हणजे प्रश्न केवळ किमतीचा नव्हता. उद्या आपला मजकूर आपल्याला उघडता येईल का, हा तो प्रश्न होता.

या प्रश्नाचे मोल जिल्ह्याच्या नामांतराच्या वेळी ध्यानात येते. फेब्रुवारी २०२३ मध्ये उस्मानाबाद शहराचे व सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. युनिकोडमधील मजकुरात जुने नाव शोधून नवे घालणे हे काही क्षणांचे काम आहे. जुन्या फाँटमधील फाइलींत मात्र 'उस्मानाबाद' असे टंकून शोध घेतला तर काहीही सापडत नाही, कारण तो शब्द तेथे मुळात साठविलेलाच नसतो.

३. विश्वासभंगाची दोन उदाहरणे

महाविद्यालयीन ग्रंथालयांना परिचित असलेले 'कोहा' हे सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासासाठी कॅटिपो या संस्थेने तयार केले व जानेवारी २००० पासून ते वापरात आले. 'कोहा' या माओरी शब्दाचा अर्थ भेट. परंतु परतफेडीची जाणीव असलेली भेट. २००७ मध्ये लिबलाइम या अमेरिकी कंपनीने कॅटिपोचा कोहाविषयक व्यवसाय विकत घेतला. २००९ मध्ये तिने आपल्या ग्राहकांसाठी स्वतंत्र आवृत्ती काढण्याचे जाहीर केले, तेव्हा जगभरातील ग्रंथपाल व प्रणालीकार दुखावले. सर्वांच्या श्रमातून वाढलेली वस्तू एकाच दुकानात बंद होते आहे, अशी त्यांची भावना झाली. २०१० मध्ये लिबलाइम ही पीटीएफएस या कंपनीकडे गेली आणि पुढील वर्षी न्यूझीलंडमध्ये 'कोहा' या नावाच्या व्यापारचिन्हावरून वाद उद्भवला. दरम्यान समूहाने आपले काम स्वतंत्रपणे चालू ठेवले. २००९ मध्येच सुरू झालेली, समूहाबरोबर राहून सेवा देणारी बायवॉटर सोल्युशन्स ही संस्था पुढे अमेरिकेतील कोहा-सेवेत अग्रेसर ठरली. ग्रंथालयांनी कोहा सोडले नाही, विक्रेता बदलला.

दुसरे उदाहरण 'ओपनऑफिस'चे. सन कंपनीने २००० मध्ये हे कार्यालयीन सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले केले. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनी ताब्यात घेतली. नव्या मालकाच्या हेतूंविषयी साशंक झालेल्या स्वयंसेवकांनी २८ सप्टेंबर २०१० रोजी 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' स्थापन करून 'लिबरऑफिस' वेगळे काढले. अवघ्या सात महिन्यांत, एप्रिल २०११ मध्ये, ओरॅकलने ओपनऑफिसची व्यावसायिक आवृत्ती बंद करण्याचे जाहीर केले आणि जूनमध्ये तो प्रकल्प अपाचे फाउंडेशनकडे सोपविला. नाव व मालकी कंपनीकडे राहिली, माणसे निघून गेली. आणि माणसांमागोमाग व्यवहारही गेला.

४. विश्वास आणि विक्री यांचा संबंध

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, कार्यालयीन सॉफ्टवेअरचे खरे विक्रेते त्याचे वापरकर्तेच असतात. टंकलेखक टंकलेखकास, ग्रंथपाल ग्रंथपालास सांगतो. ही साखळी तुटली तर जाहिरातीने ती जोडता येत नाही. दुसरी, विश्वास ढळण्याचे मूळ सहसा वस्तूच्या दोषात नसते. विक्रेत्याने एकतर्फी अटी बदलण्यात असते. दोष समूह सोसतो, दुरुस्तही करतो. अडवणूक सोसत नाही. तिसरी, समूहाचे निघून जाणे त्याच्या हातातील पर्यायांवर अवलंबून असते. कोहा व ओपनऑफिस यांची मूळ आज्ञावली खुली असल्याने समूह उघडपणे व एकत्रितपणे बाहेर पडला. फाँट-पॅकेजांच्या वापरकर्त्यांना तशी सोय नव्हती. ते एकेक करून, गाजावाजा न करता दूर झाले. अशा वेळी विक्रेत्याला आपला ग्राहक का गेला हेही समजत नाही.

समारोप

प्रवेश, परीक्षा, लेखा व ग्रंथालय या सर्व विभागांसाठी आज महाविद्यालये सॉफ्टवेअर विकत घेत आहेत. किंमत व सुविधा यांचे तुलनात्मक तक्ते तयार होतात. परंतु करार संपल्यावर आपल्या नोंदी कोणत्या स्वरूपात परत मिळतील, हा रकाना बहुधा त्यांत नसतो. तो असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. खरेदीपूर्वी एका वर्षाच्या नोंदी त्या सॉफ्टवेअरमधून बाहेर काढून दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहाव्यात. त्या सुखरूप उघडल्या तर मडके पक्के समजावे. उघडल्या नाहीत, तर ते कितीही सुबक असले तरी त्यात विद्यार्थ्यांच्या पिढ्यांच्या नोंदी भरून ठेवू नयेत. तेरच्या कुंभाराची रीत एवढ्यापुरती तरी आजही उपयोगी आहे.