संस्कृतचा तास आणि २४६ धावा

इकडे जुन्नर-आंबेगावात पालक आम्हाला एकच प्रश्न विचारतात: ‘सर, पोरानं खेळायचं की शिकायचं?’ यातला ‘की’ ऐकला की आमच्यासारख्या तत्त्वज्ञानवाल्याचे कान टवकारतात. म्हणून आज प्रा. दि. ब. देवधर.

जन्म १८९२, पुणे. स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवायचे. पोट त्या नोकरीवर. क्रिकेटवर तेव्हा पोट भरतच नसे. १९२६ मध्ये गिलिगनचा एमसीसी संघ आला, तेव्हा मुंबईत अखिल भारतीय संघाकडून देवधरांनी १४८ केल्या. हे लोक कसोटी खेळू शकतील, असं वाटायला लावणाऱ्या खेळींपैकी ती एक. पण भारताची पहिली कसोटी झाली १९३२ ला, लॉर्ड्सवर. देवधर तेव्हा चाळीस वर्षांचे! कसोटी त्यांच्या वाट्याला आलीच नाही.

दुसरा कुणी मुकाट्यानं वर्गात जाऊन बसला असता. हे गृहस्थ मात्र महाराष्ट्राचा संघ घडवत राहिले. त्यांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोन रणजी करंडक आले. विजय हजाऱ्यांनी नाबाद ३१६ काढल्या त्या याच संघातून. पुढच्या वर्षी मुंबईनं ६५० चा डोंगर रचला, तर महाराष्ट्रानं ६७५ केल्या. त्यात खुद्द प्रोफेसरांच्या २४६, वयाच्या ४८ व्या वर्षी. कर्णधार म्हणा की मास्तर म्हणा, आम्हाला तरी फरक दिसत नाही.

आता जरा थांबू. देवधरांना खेळ आणि विद्या दोन्ही मिळालं, कारण कॉलेजचं दार त्यांना उघडं होतं. त्याच पुण्यात पाळवणकर बाळू गोऱ्यांच्या क्लबाचं मैदान राखत, नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी करत. बॅट मात्र हाती मिळत नसे. हिंदूंच्या संघात आले, तरी चहा बाहेर, मातीच्या भांड्यात, कारण जात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरीही हिंदूंचं कर्णधारपद काही दिलं नाही. ते १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

म्हणून त्या पालकांना आम्ही उलट विचारतो: तुमच्या गावच्या शाळेला मैदान आहे का? आणि त्यावर कोणकोण खेळतं?